बोटीवर चढताना बॅगा घेणाऱ्याला टिप द्यायची का?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही साताऱ्याचे, शाहूपुरीत राहतो. मुलगी-जावई न्यू जर्सीला असतात, त्यांनी यंदा मायामीहून सात रात्रींची क्रूझ बुक केलीय, ते दोघं आणि आम्ही दोघं. जावई म्हणाले बंदरावर पोर्टर बॅगा घेतात, त्यांना बॅगेमागे दोन डॉलर द्यायचे. चार मोठ्या बॅगा म्हणजे आठ डॉलर, सातशे रुपयांच्या वर गेले की! आणि क्रूझवाल्यांनी टिपचे पैसे तर बुकिंगलाच भरून घेतलेत, मग हे परत कसले? ह्यांचं म्हणणं अजून वेगळं. माझे सासरे मुंबईत मशीद बंदरला माथाडीत होते, हमाली जी ठरलेली तेवढीच घ्यायचे, वर कोणी काही द्यायला लागलं तर नको म्हणायचे. त्यामुळे हे म्हणतात की कष्ट करणाऱ्या माणसाच्या हातात असे पैसे टेकवणं हा त्याचा अपमान आहे. आणि भिशीतली एक मैत्रीण म्हणते की टिप नाही दिली तर बॅगा मुद्दाम मागे ठेवतात. आता खरं काय धरायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, जावई बरोबर सांगतायत. अमेरिकेतल्या बंदरांवर बॅगेमागे एक ते दोन डॉलर असाच रिवाज आहे, मी दोन देते, बॅग फारच जड असेल किंवा सोबत व्हीलचेअरवालं माणूस असेल आणि पोर्टरने जास्तीची मदत केली तर थोडे वर देते. द्यायलाच पाहिजे असा नियम मात्र नाही.

आधी पैसे भरलेत ते कशाचे, ते सांगते, कारण इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. क्रूझवाले माणशी रोजचे सोळा ते वीस डॉलरच्या आसपास ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, लावतात, म्हणजे चौघांचे सात दिवसांचे पाचशे डॉलर तरी धरा, ती रक्कम बरीच मोठी आहे आणि ती जाते बोटीवरच्या लोकांना, म्हणजे तुमची खोली आवरणारा, जेवण वाढणारे आणि मागे राबणारी मंडळी. गेटवर बॅगा घेणारा माणूस बोटीवरचा नाहीच, तो क्रूझ कंपनीच्या पगारावर पण नाही. तो गोदी कामगार असतो, मायामीसारख्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरात बहुतेक करून इंटरनॅशनल लाँगशोरमेन्स असोसिएशन ह्या युनियनचा मेंबर. बोट निघाली की तो किनाऱ्यावरच राहतो, त्यामुळे तुमच्या त्या पाचशे डॉलरमधला एक सेंटसुद्धा त्याच्यापर्यंत जात नाही.

आता काकांचा मुद्दा. तो मला फार महत्त्वाचा वाटला, उडवून लावण्यासारखा नाहीये. माथाडीचं तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्या घरातलंच आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. अण्णासाहेब पाटील आपल्याच सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारी माणसं तरी किती आपल्याच पाटण-जावळीच्या डोंगरातून गेलेली. त्यांना एकत्र आणून अण्णासाहेबांनी लढा दिला आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी माथाडी बोर्डाकडे भरायची, वर लेव्ही म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम भरायची, त्यातून पीएफ, नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, आणि हे सगळं हक्क म्हणून, शेठजी खुश झाले म्हणून नाही. ज्या माणसाने हे मिळवायला आयुष्य घातलं त्याला वरची चिल्लर नको वाटणारच, आणि त्यांच्या मुलाला आज असा प्रश्न पडतो ह्याचा मला खरंच आदर वाटतो.

पण तिकडचा पोर्टर पण असाच युनियनचा माणूस आहे काकू, ही त्यातली चांगली गोष्ट. त्याची मजुरी ठरलेली आहे आणि ती चांगली आहे. ह्याच युनियनने ऑक्टोबर 2024 मध्ये तीन दिवस संप करून पूर्व किनाऱ्यावरची कंटेनरची बंदरं थांबवली होती आणि सहा वर्षांत मिळून 62 टक्के पगारवाढ पदरात पाडून घेतली. म्हणजे बिचारा गरीब आहे म्हणून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. तिकडे टिपेचा रिवाजच फार खोल गेलाय. हॉटेलातल्या वेटरचंच घ्या, टिप मिळते म्हणून मालकाने त्याला तासाला 2.13 डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याने चालतं, हा आकडा 1991 पासून बदललेला नाही, काही राज्यांनी आपापला वाढवलाय तेवढंच. तो वेटर खरंच टिपेवर जगतो. पोर्टर तसा जगत नाही, तरी बॅग उचलणाऱ्याच्या हातात दोन डॉलर ठेवणं ही तिकडची रीत पडून गेलीय आणि त्यात घेणाऱ्याला कमीपणा वाटत नाही. अपमान होतो तो देण्याच्या पद्धतीमुळे. गाडीच्या काचेतून नोट बाहेर काढणं, फोनवर बोलता बोलता त्याच्याकडे न बघता हात पुढे करणं, किंवा त्याच्यासमोरच नवरा-बायकोने मराठीतून "एवढे कशाला, दोन कमी दे" करणं, भाषा कळली नाही तरी चेहरे कळतात हो. गाडीतून खाली उतरा, बॅग त्याच्याकडे द्या, नोटा आधीच घडी करून खिशात ठेवलेल्या असू देत, त्या हातात द्या आणि थँक्यू म्हणा. एवढं काकांनी स्वतः केलं तर त्यांच्या मनातला प्रश्न तिथल्या तिथे मिटेल असं मला वाटतं.

तिथे नेमकं काय होतं ते पण सांगते म्हणजे गोंधळ नको. टर्मिनलसमोर गाडी थांबते, मागे दुसऱ्या गाड्यांची रांग, त्यामुळे सगळं भराभर चालतं. पोर्टर आधी टॅग बघतो. हा टॅग क्रूझच्या वेबसाइटवरून किंवा अ‍ॅपवरून घरीच प्रिंट काढायचा, त्यावर नाव, बोट आणि खोलीचा नंबर असतो, कागदाची उभी घडी घालून हँडलमधून ओवायचा आणि स्टेपल करायचा. प्रिंट विसरलात तर पोर्टरकडे कोरे टॅग असतात, तो खोलीचा नंबर विचारतो, पेनाने लिहितो, दोन स्टेपल मारतो, हिसका देऊन बघतो निघत नाही ना, आणि बॅग शेजारच्या लोखंडी पिंजऱ्यात जाते. पिंजरा भरला की एक्स-रे आणि तिथून बोटीवर. संध्याकाळपर्यंत बॅग तुमच्या खोलीच्या दारात.

मैत्रिणीला सांगा की टिप नाही दिली म्हणून बॅग मागे ठेवतात ही भीती काढून टाका. तुम्ही काय दिलं हे त्या पिंजऱ्यावर लिहिलेलं नसतं आणि पुढचं काम वेगळीच माणसं करतात. आपल्या लोकांच्या बॅगा अडकतात त्या इस्त्रीमुळे! इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, आणि बऱ्याच बोटींवर चहाची इलेक्ट्रिक किटली आणि छोटा राइस कुकर पण चालत नाही, आगीची भीती असते. एक्स-रेमध्ये असलं काही दिसलं की बॅग सिक्युरिटीकडे बाजूला ठेवतात आणि तुम्हाला खाली जाऊन समोर उघडून दाखवावी लागते, मग लोकांना वाटतं की टिप कमी पडली. घरचं शिजवलेलं पण नको, कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर सहसा काही म्हणत नाहीत.

एक मात्र कळकळीने सांगते, पासपोर्ट, बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, दागिने, पैसे आणि एक जोडी कपडे ह्यातलं काहीही पोर्टरच्या हातात जाणाऱ्या बॅगेत टाकू नका. पासपोर्ट आत गेला तर चेक-इनच अडतं, आणि बॅग संध्याकाळी मिळणार, मग दुपारची गोळी कशी घेणार. बॅग पण टर्मिनलच्या दारातल्या, गळ्यात ओळखपत्र असलेल्या माणसाकडेच द्यायची, पार्किंगमध्ये कोणी पुढे आला तर नाही म्हणायचं.

टिप द्यायचीच नसेल तर बॅग स्वतः ओढत न्यायची मोकळीक असते, एक्स-रे मशीनमधून गेली म्हणजे झालं. पण खोल्या दुपारी एक-दीडशिवाय उघडत नाहीत, तोवर मोठी बॅग घेऊन जेवणाच्या गर्दीत फिरायचं, तुमच्या वयाला हे मी सुचवणार नाही.

परत येताना पण हेच असतं हे जावयांना माहीत असेलच. शेवटच्या रात्री बोटीवाले नंबरचे टॅग देतात ते लावून बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, सकाळी खाली हॉलमध्ये नंबरप्रमाणे मांडलेल्या असतात. तिथला पोर्टर बॅगा ढकलगाडीवर घालून कस्टम्समधून थेट टॅक्सीपर्यंत सोबत येतो. हे काम चढतानाच्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा तिथे हात आखडता घेऊ नका. म्हणजे दोन्ही वेळचे मिळून एक-एक डॉलरच्या वीस नोटा वेगळ्या ठेवा. इथे पैसे बदलताना बहुतेक मोठ्या नोटाच मिळतात, तेव्हा मुलीला सांगून तिच्या बँकेतून सुट्ट्या आणवा, गेटवर शंभराची नोट दाखवून सुट्टे मागायची वेळ येऊ नये.

प्रश्न : आम्ही विश्रामबागचे, मे महिन्यात टूर कंपनीबरोबर सिंगापूरहून क्रूझ आहे. तिथे पण बॅगेमागे द्यायचे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. सिंगापुरात टिपेची पद्धत नाही, टर्मिनलवर बॅगा घेणारे तशी अपेक्षा ठेवत नाहीत. तुम्ही बघायचं ते वेगळंच, टूर कंपनी "टिप" म्हणून जे पैसे वेगळे घेते त्यात बोटीची रोजची ग्रॅच्युइटी धरलीय का फक्त गाइड-ड्रायव्हरचे आहेत, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी बोटीच्या बिलात ती रक्कम निघते आणि तेव्हा भांडायला समोर कोणी नसतं.