२१२ पिना आणि एक रस्ता

अगं,

तुझा परवा रात्रीचा मेसेज तीनदा वाचला. मॅपवर २१२ जागा सेव्ह करून ठेवल्यात, नऊ महिन्यांत त्यातल्या अकरा ठिकाणी गेलीस, अकराच्या अकरा सारख्याच वाटल्या, तेच पिवळे दिवे, तीच भिंतीवरची खोटी झाडं. आणि आता रविवारी कुठे जायचं ते ठरवता ठरवता दुपारचे दोन वाजतात, मग घरीच ऑर्डर करून पलंगावर बसून खातेस. आणि शेवटी काय, तर "मावशी तू एवढी फिरतेस, हटके जागा शोधायची काही ट्रिक असेल तर सांग, नाहीतर सरळ लिस्टच दे."

लिस्ट मिळणार नाही. एक तर तुझं शहर मला माहीत नाही, दोनदा आले ते लग्नाला, स्टेशन ते हॉल आणि हॉल ते स्टेशन. आणि माहीत असतं तरी दिली नसती. का ते पुढे सांगते, त्यात माझीच चूक आहे.

ट्रिक म्हणशील तर माझ्याकडे एकच आहे. एक रस्ता धर आणि तो संपव. म्हणजे एका टोकाला उभी राहा आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, एका दिवसात नाही झालं तर जिथे थांबलीस तिथूनच पुढच्या रविवारी सुरू कर. मधले बोअर तुकडे गाळायचे नाहीत. टायरवाले, फर्निचरची दुकानं, कुठल्यातरी सरकारी खात्याची किलोमीटरभर लांब कंपाउंड वॉल, सगळं चालायचं. आणि रस्ता नावाजलेला घेऊ नकोस गं, जो शहराच्या मधून निघून पार बाहेर जातो आणि ज्यावरून तू रोज गाडीत फोनमध्ये डोकं घालून जातेस, तो घे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. लॉस एंजेलिसला जोनाथन गोल्ड म्हणून एक माणूस होता, विशीत एका कायद्याच्या पेपरात प्रूफं तपासायचं काम करायचा, आणि त्याने ठरवलं की पिको बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्यावर जेवढी म्हणून खायची ठिकाणं आहेत तेवढ्या सगळ्यांत जेवायचं. पंधरा मैलांच्या वर लांब रस्ता. निवडक चांगली ठिकाणं नाही हं, सगळी. पुढे तो खाण्यावरच लिहायला लागला आणि २००७ साली त्याला समीक्षेचं पुलित्झर मिळालं, हॉटेलांवर लिहिणाऱ्या कुणाला ते त्याआधी मिळालंच नव्हतं. म्हणून म्हणते की ही रिकामटेकड्या बाईची सवय समजून सोडून देऊ नकोस.

आता तुझ्या त्या मॅपचं. गूगल स्वतःच सांगतं की जवळच्या जागा दाखवताना ते तीन गोष्टी बघतं, तू जे शोधतेयस त्याच्याशी जागा किती जुळते, ती किती लांब आहे आणि ती किती प्रसिद्ध आहे. आणि प्रसिद्धीत रिव्ह्यू किती आलेत तेही धरतात. आता तूच बघ, जी जागा कुणाला माहीत नाही ती शोधायला तू असं यंत्र वापरतेयस जे माहीत असलेल्यालाच वर आणतं, आणि मग सगळं सारखंच का दिसतं म्हणून रडतेस! लंडनमध्ये तर २०१७ साली एका पत्रकाराने तो स्वतः राहायचा त्या अंगणातल्या शेडलाच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअॅडव्हायझरवर टाकलं, मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि काही महिन्यांत ती शेड अख्ख्या लंडनमध्ये एक नंबरवर आली. तोवर तिथे कुणाला एक ताटसुद्धा वाढलेलं नव्हतं. आणि हॉटेलांना तारे देणारी मिशेलिन, ती तर मुळात टायरची कंपनी, १९०० साली गाईड काढलं ते लोकांनी गाड्या जास्त पळवाव्यात म्हणून. यादी कुणाचीही असो, मागे कुणाचा तरी टायर विकायचा असतो.

लंडनवरून आठवलं. तिथल्या काळ्या रंगाच्या टॅक्सी चालवणाऱ्यांना लायसन्ससाठी "नॉलेज" नावाची परीक्षा द्यावी लागते, १८६५ पासून चालू आहे ती. शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले जवळपास २५,००० रस्ते तोंडपाठ हवेत, ३२० मार्ग ठरवून दिलेत आणि पोरं तीन-चार वर्षं मोपेडवर त्या रस्त्यांवरून फिरत असतात. एलिनॉर मॅग्वायर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी २००० साली या ड्रायव्हरांचे मेंदू स्कॅन केले, तर जागा लक्षात ठेवणारा जो भाग असतो, हिप्पोकॅम्पस, त्याची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी निघाली. पण माझ्या आवडीचं ते पुढचंच. २००६ साली त्यांनी टॅक्सीवाल्यांची तुलना बस ड्रायव्हरांशी केली. तेच शहर, तेवढीच वर्षं गाडी चालवणं, फक्त बसवाल्यांचा रूट ठरलेला. त्यांच्यात ती वाढ दिसली नाही.

तू नऊ महिने बसवाल्यासारखी राहतेयस. रूम, ऑफिस, मॉल, रूम. रस्ता संपव.

चालताना काय बघायचं हे सांगायला मला कंटाळा येतो कारण दोन रविवारांत तुझं तुलाच कळेल, तरी थोडं सांगते. मेन रोडच्या तळमजल्याचं भाडं ज्यांना परवडत नाही ते एक तर मागच्या गल्लीत असतात नाहीतर जिना चढून वर, किंवा बेसमेंटमध्ये, तेव्हा मान वर करून चाल आणि अरुंद जिन्यांच्या तोंडाशी लावलेल्या पाट्या वाच. ज्यांचं पोट फिरण्यावर आहे ते ड्रायव्हर, कुरियरवाले, डिलिव्हरीची पोरं कुठे गाड्या लावून जेवतात ते बघ. हॉस्पिटल, कोर्ट, होलसेल मार्केट, बस डेपो यांच्या आजूबाजूला कुठलीतरी खानावळ असतेच जी वर्षानुवर्षं तीच माणसं जेवू घालते, तिला रिव्ह्यूंची गरज पडत नाही आणि म्हणून ती तुला दिसत नाही. लांब पल्ल्याच्या बसगाड्या सुटतात तिथे बाहेरगावच्या लोकांची आपापली ठिकाणं असतात, पाटी त्यांच्या लिपीत, ती वाचता नाही आली तर आत जाऊन विचार. मेन्यू जितका छोटा तितकं बरं. काय घेऊ असं विचारू नकोस, "तुम्ही स्वतः आज काय जेवलात" असं विचार, त्याचं उत्तर सहसा खरं येतं. गर्दीच्या वेळी जा म्हणजे अन्न ताजं आणि गरम असतं. खाणं सोडूनही रस्त्यावर बरंच असतं, जुन्या इमारतींवर कोरलेली सालं, दुपारी झोपलेली लायब्ररी, ज्यात वॉचमनशिवाय कुणी नाही असं म्युझियम, आणि रस्ता रेल्वे नाहीतर नदी ओलांडतो तिथे एकदम सगळं बदलतं ते. का बदलतं ते तिथेच विचार कुणालातरी, म्हातारी माणसं खूप सांगतात, जरा जास्तच सांगतात.

आता माझं. मी तुझ्या वयाची असताना सात वर्षं हॉस्टेल ते ऑफिस एकाच रस्त्याने गेले. बसस्टॉपच्या समोर एक जिना होता, वर काहीतरी खायचं असणार कारण माणसं रुमालाला हात पुसत, हसत खाली यायची. सात वर्षं मी ते बघत होते. एकटी मुलगी वर जाऊन काय बसणार, सोबत कुणी असलं की जाऊ, पगार झाला की जाऊ. मग एक दिवस जिन्याच्या तोंडाशी कुलूप दिसलं आणि नंतर ती बिल्डिंगच पाडली. वर काय मिळायचं ते मला अजून माहीत नाही. कुठल्याही हॉटेलात एकटीने बसून पहिल्यांदा जेवले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, आणि पूर्ण वेळ पर्समधली जुनी बिलं वाचत बसले होते, कुणी बघतंय का म्हणून. म्हणून माझा असा जीव तुटतो आणि म्हणून तुझ्या त्या २१२ पिना बघून चिडचिड होते. माझ्याकडे एक जिना होता तो मी चढले नाही, तू २१२ जिने गोळा करून बसलीयस.

रात्री-बेरात्री हिंड असं मी म्हणत नाहीये, तुझ्या आईला उगाच स्क्रीनशॉट पाठवू नकोस. रविवारी सकाळी सातला निघ, लोकेशन मैत्रिणीला शेअर कर, आणि एखादा तुकडा नको वाटला तर तेवढा बसने जा. हो, मी मघाशी गाळायचं नाही म्हटलं होतं. तेवढं गाळ. बाकी नाही.

लिस्टचं राहिलं. अशाच एका रस्त्यावर मला चार टेबलांचं एक घर सापडलं होतं, नवरा-बायको दोघंच करायची. मी आनंदाच्या भरात ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, नावगावपत्त्यासकट. तिथून कुठे कुठे गेलं कोण जाणे, दोन महिने बाहेर रांगा, रोजचे म्हातारे गिऱ्हाईक जागा मिळेना म्हणून यायचे बंद झाले, मग रांगावाले दुसरीकडे गेले आणि ते घर रिकामं पडलं. वर्षभरात बंद. माझ्या नवऱ्याचं म्हणणं की ते तसंही बंद पडलंच असतं, त्या बाईंचे गुडघे गेले होते. असेल. पण मी तेव्हापासून यादी कुणाला देत नाही, आणि त्यावरून मला घरात आणि बाहेर खडूस म्हणतात ते मला चालतं.

घरातलेही आता माझ्याबरोबर बाहेर जेवायला येत नाहीत, कारण माझ्या दहातली सहा ठिकाणं टुकार निघतात. निघणारच ना! पण त्या सहा टुकार ठिकाणांतलं प्रत्येक मला आजही आठवतं, कुठे पंखा करकरत होता, कुठे मालक गल्ल्यावर बसून पोराचा अभ्यास घेत होता. तुला तुझ्या अकरातली किती आठवतायत? फोन न उघडता सांग.

तर या रविवारपासून. रस्ता ठरला की त्याचं नाव मला कळव, आणि संध्याकाळी फक्त कुठवर पोचलीस ते सांग. फोटो नकोत. पाण्याची बाटली घे आणि जुनेच बूट घाल, मी एकदा नवे घालून निघाले होते आणि तिसऱ्या सिग्नलला रिक्षा करून परत आले.

मावशी