झोपेसाठीची क्वार्टर

"आमचे हे दारुडे नाहीत. कामावरून येतात, जेवायच्या आधी एक क्वार्टर घेतात आणि झोपतात. घेतली नाही तर रात्रभर कूस बदलत राहतात. डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडा, हे म्हणतात आधी मला झोप द्या. झोपेची गोळी सुरू केली तर दारू सुटेल का?"

हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येतो आणि बहुतेकदा बायकोच विचारते. ताई, गोळी नको. दारू आणि अल्प्राझोलमसारखी गोळी, दोन्ही श्वास मंदावतात. एकत्र घेतल्या तर माणूस झोपेतच दगावू शकतो. पण दारू पूर्ण सुटेपर्यंत झोपेचा इलाज थांबवायचीही गरज नाही. दोन्ही एकदम हाती घेता येतात, तेही मोबाइलवरून. कसं, ते एका केसमधून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सारख्याच दोन-तीन केसेस एकत्र केल्या आहेत.

गृहस्थ ४४ वर्षांचे. राहायला चिपळूणला, नोकरी लोटे एमआयडीसीत, डिस्पॅच सुपरवायझर, जनरल शिफ्ट. गोळीशिवाय निद्रानाशाचा उपचार करणारं जवळपास कोणी नाही. शिवाय दारूसाठी समुपदेशकाच्या दारात उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. म्हणून ऑनलाइन. तेही "झोपेचं बघू, दारूचा विषय नको" या अटीवर. ही अट मान्य करावी. दारूसाठी कधीच न येणारी माणसं झोपेसाठी येतात, आणि पेगांचा हिशेब झोपेच्या डायरीत आपोआपच येतो.

पहिल्या कॉलला उपचार नसतो, चाळणी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' या दहा प्रश्नांच्या चाचणीत त्यांना ४० पैकी १७ गुण पडले, म्हणजे दारू अपाय करू लागलेली. निद्रानाशाच्या चाचणीत २८ पैकी २०. पण या गुणांपेक्षा महत्त्वाचे चार प्रश्न होते. सकाळी हात थरथरतात का? उठल्या उठल्या घ्यावी लागते का? कधी फिट आली आहे का? बंद केल्यावर भास झाले का? यातल्या एकालाही 'हो' असेल तर घरच्या घरी, ऑनलाइन काहीही करायचं नाही, थेट दवाखाना. रोजची जड दारू झटक्यात तोडली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. यांची चारही उत्तरं 'नाही' होती. तरीही गावातल्या फिजिशियनकडून रक्तदाब, साखर, लिव्हरची तपासणी करून घेतली. घोरण्याबद्दल मात्र त्यांना विचारून उपयोग नव्हता, बायकोलाच विचारलं: मध्येच श्वास अडकतो का, दचकून हुंदका देऊन पुन्हा सुरू होतो का? तसं असतं तर आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी झाली असती. ते घोरत होते, पण श्वास थांबत नव्हता.

मग डायरी. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात फोनवरचा मराठी फॉर्म भरायचा: अंथरुणावर पाठ कधी टेकली, झोप लागायला किती वेळ गेला, किती वेळा जाग आली, एकूण किती वेळ जागे होता, उठलात कधी. रात्री घड्याळ बघायचं नाही, सगळं अंदाजाने. पेगचा रकाना मात्र रात्रीच, ग्लास खाली ठेवल्या ठेवल्या भरायचा. सकाळची स्मरणशक्ती फार उदार असते.

पहिले तीन दिवस रकान्यात '२ पेग' आलं. आणत होते क्वार्टर, म्हणजे १८० मिली, लिहीत होते दोन. म्हणून व्हिडिओ कॉल चालू असताना त्यांना नेहमीच्या स्टीलच्या ग्लासात रोजच्या अंदाजाने पाणी ओतायला सांगितलं, आणि ते लहान मुलांच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाने मोजायला. एक 'पेग' भरला ८५ मिली. ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे दोनात बाटली संपते ती अशी." त्या दिवसापासून रकाना ३० मिलीच्या हिशेबाने भरला गेला. आठवड्याचा आकडा: पाच दिवस १८०, शनिवार-रविवार २७०. म्हणजे १४४० मिली, ४८ पेग.

आता हे गणित बघा. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम ४२.८ टक्क्यांची असते. त्या हिशेबाने ३० मिलीत साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. एका बैठकीला ६० ग्रॅम किंवा जास्त, यालाच जागतिक आरोग्य संघटना जड मद्यपान म्हणते. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम निपटतं. दहाच्या सुमाराला बाटली संपली तर शेवटचा थेंब जायला पहाटेचे चार, कधी सहाही वाजतात. पहिल्या तीन-चार तासांत गाढ झोप लागते, स्वप्नांची झोप दबलेली असते. मग दारू उतरू लागली की दाबून ठेवलेला मेंदू उसळी मारतो: घाम, लघवी, धडधड, विचित्र स्वप्नं, आणि अडीच-तीनला टक्क जाग. म्हणून "दारूने झोप येत नाही" असं अशा माणसाला सांगू नये. त्याला येते, हा त्याचा रोजचा अनुभव आहे. त्याला दाखवायचं ते पहाटे तीनचं बिल. आणि सवयीने गुंगी कमी होत जाते, म्हणून काही वर्षांपूर्वी ज्यांचं नव्वदीत भागायचं, त्यांना आता एकशेऐंशी लागते.

यांच्या डायरीत: पाठ टेकली सव्वादहाला, उठले सव्वासहाला, म्हणजे अंथरुणात ८ तास. प्रत्यक्ष झोप सरासरी ५ तास १० मिनिटं. मिनिटांत ३१० भागिले ४८०, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी ६५ टक्के झोप. ८५च्या पुढे असेल तर झोप सलग समजायची.

इथे जो उपचार करतात तो निद्रानाशासाठीची वर्तन आणि विचार उपचारपद्धती. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हाच सांगितला. त्याचा कणा दोन गोष्टींचा: आर्थर स्पीलमन यांची अंथरुणातला वेळ आवळण्याची युक्ती आणि रिचर्ड बूटझिन यांचा अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवण्याचा नियम. बाकी उशी, दूध, लॅव्हेंडर वगैरे सल्ले ऐकायला बरे; एकट्याने त्यांनी जुनाट निद्रानाश हलत नाही.

५ तास १० मिनिटं झोप होते, तर अंथरूण साडेपाच तासच: रात्री १२ ते पहाटे ५:३०. रविवारीसुद्धा. पाच तासांच्या खाली कुणालाही न्यायचं नाही. झोप येत नाहीशी वाटली की साधारण वीस मिनिटांत उठायचं, पडवीत खुर्चीवर बसायचं, डोळे जड झाले की परत. दुपारची डुलकी बंद. आणि पहिले दोन आठवडे मोटरसायकल घरी. कामाच्या वाटेवरचा परशुराम घाट कंपनीच्या बसने. या दोन आठवड्यांत दिवसा खरोखर पेंग येते आणि बहुतेकजण इथेच सोडून देतात. फोर्कलिफ्टजवळ उभं राहायचं कामही तेवढ्यापुरतं दुसऱ्याकडे दिलं.

अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. पूर्वी सव्वादहाला आडवे होणारे गृहस्थ आता बारापर्यंत जागे. बायको-मुलं झोपलेली, टीव्हीचा आवाज बारीक, हातात पावणेदोन तास. तिसऱ्या रात्री रकान्यात ७ आकडा आला, पाचव्या रात्री ८. छापील पद्धत तशीच्या तशी पिणाऱ्या माणसाला लावली की असंच होतं. वेळ आवळण्याआधी ती मोकळी झालेली वेळ भरायला हवी होती.

म्हणून संध्याकाळच उलटी केली. जेवण साडेआठऐवजी पावणेआठला, पेग जेवणाबरोबर आणि शेवटचा घोट आठच्या आत, म्हणजे अंथरुणाच्या चार तास आधी. रिकाम्या पोटी चकण्याबरोबर चढते तशी भरल्या पोटी चढत नाही, पुढचा ओतावासाही वाटत नाही. साडेदहानंतर हाताला काम: उद्याची डिस्पॅचची यादी, मुलाच्या वह्यांना कव्हरं, इस्त्री. इस्त्री त्यांना इतकी आवडली की बायकोने तक्रार केली, कपड्यांना चकाकी येते म्हणून. खरेदीही बदलली. क्वार्टर आणली की क्वार्टर संपते, म्हणून नव्वदीच्याच बाटल्या, रोज एक किंवा दोन, घरात साठा नाही. उतरण दर चार दिवसांनी ३० मिली: १८०, १५०, १२०, ९०. प्रत्येक पायरीवर एक-दोन रात्री झोप बिघडणार आणि स्वप्नं खूप पडणार, हे आधीच सांगून ठेवलं होतं. दबलेली स्वप्नांची झोप वसुली करते. सांगितलेलं नसतं, तर "बघा, कमी केली की झोप जाते" म्हणून तिथेच गाडी अडली असती.

चौथ्या आठवड्यात भाच्याची हळद. रात्री २७० झाली. दुसऱ्या दिवशी डायरीत: "मस्त झोप. पडल्या पडल्या लागली." पण पुढच्या दोन रात्रींचे आकडे ४ तास ५ मिनिटं आणि ४ तास २०. त्या आठवड्याच्या कॉलमध्ये फक्त या तीन ओळी स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवल्या. रागवायचं नाही, उपदेश नाही. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एका रात्रीचं कर्ज दोन रात्री फेडलं की." त्या एका कॉलचं काम बाकी पाच मिळूनही झालं नसतं.

एकूण सहा कॉल, आठवड्याला एक, चाळीस मिनिटांचे. वेळ रविवारी सकाळी दहा. रात्री आठ-नऊचा कॉल घेतलात तर कॅमेऱ्याच्या खाली ग्लास असतो. फोन टेबलावर, अंथरुणात नाही. कानात इअरफोन. घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरतो, म्हणून फॉर्मचे मेसेज स्क्रीनवर दिसणार नाहीत अशी सेटिंग. नेट गेलं तर साधा कॉल. एका कॉलला बायकोही होती, आणि तिला एकच काम: बाटली मोजायची नाही, लपवायची नाही, बारापर्यंत त्यांना सोफ्यावर डुलकी लागू द्यायची नाही. परदेशात हाच उपचार माणसाशिवाय, संगणकच शिकवतो अशा रूपातही मिळतो. व्हर्जिनिया विद्यापीठात घडलेला 'शटआय' सहा टप्प्यांचा होता, आणि कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ मध्ये 'स्लीपियो' या अशाच कार्यक्रमाची शिफारस केली. तसला कार्यक्रम एकट्याने वापरायचा असेल तर तो तुमच्या पेगचा रकाना बघणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

झोप सलग ८५ टक्क्यांच्या वर राहिली की अंथरुणातला वेळ १५ मिनिटांनी वाढवायचा, ८०च्या खाली गेली तर १५ मिनिटांनी कमी. हळदीच्या आठवड्यात तो वाढवला नाही. आठव्या आठवड्यात साडेसहा तास अंथरूण, ५ तास ५० मिनिटं झोप, जवळजवळ ९० टक्के. निद्रानाशाचे गुण २० वरून ९. पेग ४८ वरून १५: तीन रात्री कोरड्या, तीन रात्री नव्वद, शनिवारी क्वार्टर.

हे सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. या उपचाराने झोप सुधारते, हे पिणाऱ्यांमध्येही अभ्यासांतून दिसलं आहे. दारू किती कमी होते याचे निकाल मात्र मिश्र आहेत. जो झोपेसाठी पितो त्याचं कारण निघून जातं. जो मित्रांसाठी, दुःखासाठी किंवा शरीराच्या मागणीसाठी पितो, त्याला व्यसनाचा उपचार वेगळा लागतो; सरकारी टेलि-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ला, मराठीत बोलता येतं. फिट येणारे, बायपोलर आजार असलेले, रात्री ट्रक चालवणारे यांना वेळ आवळायची पद्धत मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय लावू नये. फिरत्या शिफ्टला तर आराखडाच वेगळा.

यांचा शनिवार अजून हललेला नाही. तो झोपेचा नाही, मित्रांचा आहे, हे त्यांनीच सांगितलं. डायरी आता रोजची नाही. रविवार, सोमवार, मंगळवार या तीनच सकाळी भरतात, कारण शनिवारचं बिल त्याच तीन ओळींत उतरतं.