मुंबईत बाबू गेनू नावाचं मार्केट आहे, हे बाबू गेनू नक्की कोण होते?

गिरणी कामगार होता हो, पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा, वय जेमतेम २२. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक पोलीस बंदोबस्तात निघाला, तर हा सरळ रस्त्यात आडवा, आणि ट्रक अंगावरून गेला. ड्रायव्हर आपला होता, त्याने गाडी घालायला नकार दिला मग गोऱ्या सार्जंटनेच स्टिअरिंग हातात घेतलं असं सांगतात, सरकार मात्र अपघात म्हणत राहिलं (दुसरं काय म्हणणार!). बऱ्याच मुंबईकरांना हे नाव माहितीय ते २०१३ ला डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मार्केटची बिल्डिंग पडली त्या बातमीमुळे, याचं वाईट वाटतं. १२ डिसेंबर स्वदेशी दिन असतो तो याच्यामुळेच.