काम बदलले म्हणून पगार कमी करता येतो का?

प्रश्न : स. न. वि. वि. मी रत्नागिरीजवळच्या एका मासळी-प्रक्रिया कारखान्यात ११ वर्षे शीतगृहाच्या यंत्रांवर ऑपरेटर होतो. जून-जुलैची मासेमारी बंदी संपून ऑगस्टमध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा मला वजनकाट्यावर नोंदी ठेवण्याचे काम देण्यात आले. पूर्वी मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये आणि थंडीत काम करण्याचा १,२०० रुपयांचा भत्ता मिळत असे. आता "काम हलके आहे" असे सांगून एकूण १५,६०० रुपयेच दिले जातात. लेखी काहीही दिलेले नाही. हे कायदेशीर आहे का? तक्रार केली तर नोकरी जाईल, अशी भीती वाटते.
— एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. कोणते काम कोणाला द्यायचे, हे नेमणूकपत्राच्या मर्यादेत राहून ठरवण्याचा अधिकार मालकाला असतो. मात्र त्या निमित्ताने ठरलेला पगार एकतर्फी कमी करण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. पगार ही सेवाशर्त आहे. तिच्यात कामगाराला प्रतिकूल बदल करायचा असेल, तर आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर २१ दिवस तो बदल अमलात आणता येत नाही. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ मध्ये होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्येही ती कायम आहे. आपल्याला अशी सूचना मिळालेलीच नाही.

थंडीत काम करण्याच्या भत्त्याची गोष्ट निराळी आहे. तो त्या विशिष्ट कामाशी जोडलेला असल्याने काम सुटल्यावर तो बंद होणे बहुधा टिकेल, आणि त्यावर भांडण्यात आपली शक्ती खर्च करू नये, असे मला वाटते. खरा प्रश्न उरलेल्या ५,२०० रुपयांचा आहे. शिवाय ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजली जाते, त्यामुळे आजची कपात मागच्या सगळ्या सेवेला लागू पडते: २०,८०० रुपयांच्या पगारावर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे (महिन्याचे २६ दिवस धरून) ११ वर्षांचे १,३२,००० रुपये होतात, तर १५,६०० रुपयांवर ९९,००० रुपयेच होतात.

रीतसर चौकशीनंतर शिक्षा म्हणून पदावनती झाली असेल, किंवा युनियनशी झालेल्या करारातच तशी तरतूद असेल, तर उत्तर बदलते. तसेच पर्यवेक्षकाच्या हुद्द्यावर दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारी व्यक्ती या संहितेनुसार 'कामगार' ठरत नाही. आपण यंत्रावर प्रत्यक्ष काम करत होता आणि आता नोंदी ठेवता. नुसते 'सुपरवायझर' असे नाव कोणी पुढे दिले, तरी प्रत्यक्ष काम काय आहे हेच पाहिले जाते.

आपल्या किनाऱ्यावर मालक पुष्कळदा गावातलाच, ओळखीचा असतो. म्हणून माणसे कागदावर काही लिहायला संकोचतात आणि महिने जातात. पुढे त्या मौनालाच संमती म्हटले जाते, आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. म्हणून पगार घेत राहा, पण "कमी केलेला पगार हरकत नोंदवून स्वीकारत आहे" असे सौम्य भाषेतले पत्र आजच स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याची पोचपावती जपा. कमी पगाराला संमती देणाऱ्या कोणत्याही कागदावर सही करू नका. नेमणूकपत्र, जुलैपर्यंतच्या व नंतरच्या पगारपावत्या आणि बँकेचे पासबुक एकत्र ठेवा.

त्यानंतर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज करा. कमी मिळालेल्या वेतनाची मागणी वेतन संहितेखाली तीन वर्षांच्या आत करता येते. सेवाशर्तीतील बदलाचा वाद मात्र युनियनमार्फत किंवा सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने मांडल्यास अधिक बळकट होतो. वजनकाट्यावर आणखी कोणाचा पगार असाच घटला आहे का, हे विचारून पाहा.

नोकरीच्या भीतीबद्दल : तक्रार केली, एवढ्या कारणाने आपल्याला काढून टाकणे कायद्याला धरून होणार नाही. तसे झाल्यास त्याविरुद्ध आपण एकट्यानेही दाद मागू शकता, त्यासाठी युनियनच्या पाठिंब्याची अट नाही; आणि त्या वेळी आज पाठवलेल्या हरकतीच्या पत्राची तारीख आपल्या बाजूचा पुरावा असेल.