दहा तासांनंतर काय झालं, हे विचारणारी मुलगी

एका पालकांचं पत्र : माझी मुलगी चंद्रपूरला टी.वाय.बी.एस्सी. करते, विषय रसायनशास्त्र. उन्हाळ्यात ती दोन महिने एका संशोधन संस्थेत जाऊन आली. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून पेट्रोल-डिझेलसारखं इंधन बनवणाऱ्या कॅटॅलिस्टवर, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणाऱ्या उत्प्रेरकावर, तिथे काम चालतं. आल्यापासून एकच ध्यास, पीएच.डी. करीन तर यातच. मी कोळसा खाणीत ओव्हरमन आहे, मला यातलं फारसं कळत नाही. तिचे मामा पुण्यात आयटीत आहेत. ते म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर इंधनाला कोण विचारतो, तिला डेटा सायन्स करू द्या. आणखी एक सांगतो. तिने बनवलेला कॅटॅलिस्ट पहिले दहा तास छान चालला आणि तिसऱ्या दिवशी त्याचं काम निम्म्यावर आलं. आलेखात दहा तासच दाखव, असं तिला तिथे सांगितलं गेलं. ते तिच्या मनातून जात नाही. मी काय सल्ला द्यावा?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली आहे. तिसऱ्या दिवशी कॅटॅलिस्ट का बसला, हा प्रश्न ज्या मुलीला सोडत नाही, तिने या विषयात जावं असं माझं स्पष्ट मत आहे. कारण या क्षेत्रात आज अडलंय ते नेमकं तिथेच.

आधी तुमच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. वायूपासून द्रव इंधन बनवणं नवीन नाही. जर्मनीत ऱ्हूर नदीच्या कोळसापट्ट्यात म्युलहाइम नावाचं गाव आहे. तिथल्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी 1920च्या दशकात ही प्रक्रिया बसवली. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण करायचं, ते धातूच्या कॅटॅलिस्टवरून न्यायचं, आणि कार्बनला कार्बन जोडत जाऊन मेण, डिझेल, पेट्रोल मिळवायचं. दक्षिण आफ्रिकेने 1955मध्ये सासोलबर्गला यावर मोठा कारखाना उभा केला आणि पुढे सेकुंडाला त्याहून कितीतरी मोठा. मलेशियात बिंटुलूला 1993पासून आणि कतारमध्ये पर्ल प्रकल्पात 2011पासून नैसर्गिक वायूपासून असंच इंधन बनतं. म्हणजे रसायन शंभर वर्षांचं जुनं आहे. आता कोळसा आणि नैसर्गिक वायूच्या जागी धुराड्यातला किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि सौर-पवन विजेवर पाण्यातून काढलेला हायड्रोजन वापरायचा आहे. तुमची मुलगी ज्या प्रयोगशाळेत गेली, तिथे हेच चालू असणार.

आता कॅटॅलिस्ट मरतो कशाने, ते सांगते. पुढच्या सल्ल्याचा पाया तोच आहे.

कोबाल्टचा कॅटॅलिस्ट घ्या. ॲल्युमिनासारख्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडसारख्या) सच्छिद्र आधारावर कोबाल्टचे काही नॅनोमीटरचे कण पसरलेले असतात. कण जितके लहान तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून ते लहान हवेत. पण फार लहान झाले की बिघडतं. साधारण सहा नॅनोमीटरच्या खाली कोबाल्टची कार्यक्षमता घसरते, हे नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006मध्ये दाखवून दिलं. शिवाय सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापमान आणि हवेच्या वीसपट दाब असताना हे कण जागचे हलतात आणि एकमेकांत मिसळतात, वरणावर तुपाचे बारीक थेंब मिळून मोठे होत जातात तसे. धातू तेवढाच राहतो, काम करणारा पृष्ठभाग कमी होतो. एका बाजूने नासाडी झाली ती ही.

दुसरी बाजू पाण्याची. इंधनाच्या साखळीत एक कार्बन जोडला गेला की पाण्याचा एक रेणू तयार होतो. रिॲक्टरमध्ये जितकं रूपांतर जास्त, तितकी वाफ जास्त, आणि ही वाफ कणांच्या एकत्र येण्याला जोर देते, लहान कणांचं ऑक्साइड करते, आधारालाही पोखरते. कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात केली तर एका कार्बनमागे पाण्याचे दोन रेणू पडतात. लोखंडाच्या कॅटॅलिस्टमध्ये खरं काम लोहाचं कार्बाइड, म्हणजे लोह आणि कार्बनचं संयुग, करतं. पाणी त्याचं हळूहळू मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड, करून टाकतं. तिच्या कॅटॅलिस्टचं तिसऱ्या दिवशी हेच झालं की आणखी काही, ते मला इथून सांगता येणार नाही. तपासायची पहिली शंका मात्र हीच.

तिसरं विष म्हणजे गंधक. कोबाल्टला ते अब्जात काही भाग एवढंच सोसतं, म्हणून रिॲक्टरच्या आधी गार्ड बेड, म्हणजे गंधक शोषणारा थर, लावून वायू गाळून घ्यावा लागतो. त्यात ही अभिक्रिया स्वतः भरपूर उष्णता सोडते. ती वेळेवर काढून घेतली नाही तर कॅटॅलिस्टच्या थरात एखादी जागा तापते आणि तिथला कॅटॅलिस्ट कार्बनने माखतो. द्रव मेणात भुकटी ढवळत ठेवणाऱ्या रिॲक्टरमध्ये आणखी एक संकट असतं, कण आपटून-घासून झिजतात. कतारमधल्या ओरिक्स प्रकल्पातून 2007मध्ये माल बाहेर पडू लागला तेव्हा अपेक्षेपेक्षा जास्त बारीक गाळ होऊ लागला आणि उत्पादन बराच काळ ठरलेल्या क्षमतेच्या खाली राहिलं. अब्जावधी रुपयांचा कारखाना धुळीपायी अडला. गोळीची ताकद, कडा, आकार या गोष्टी शोधनिबंधात एका ओळीत येतात आणि कारखान्यात सगळ्यावर भारी पडतात.

टिकाऊपणाचे अर्थही दोन आहेत. दक्षिण आफ्रिकेने लोखंड निवडलं. ते लवकर थकतं, पण स्वस्त असतं, म्हणून प्लांट चालू असतानाच थोडं काढायचं आणि नवं टाकायचं. कोबाल्ट महाग, त्याचा बहुतेक पुरवठा काँगोतून येतो, म्हणून तो वर्षानुवर्षं चालला पाहिजे आणि मधून मधून मेण काढून, ऑक्सिजनने जाळून, पुन्हा हायड्रोजन देऊन त्याला ताजा करता आला पाहिजे. कॅटॅलिस्ट जन्मभर टिकावा हा हट्ट नसतो, तो किती टिकेल हे आधी माहीत असावं लागतं. वर्षाचे तास होतात 8,760. दहा तासांच्या आलेखावरून तिथवर उडी मारता येत नाही. आणि तापमान वाढवून लवकर म्हातारा करून बघू म्हटलं, तर जास्त तापमानाला तो वेगळ्याच कारणाने मरू शकतो. ही गाठ सोडवायला हुशारीइतकीच चिकाटी लागते.

त्यात नवी भर म्हणजे सौर आणि पवन वीज. जुने प्लांट एकदा चालू केले की महिनोन् महिने एका लयीत चालत. सूर्य मावळला की हायड्रोजन कमी होणार, साठा संपला तर रिॲक्टर थंडावणार, सकाळी पुन्हा तापणार. या चढउतारात कॅटॅलिस्टचं काय होतं, यावर पुढची अनेक वर्षं काम चालेल.

मामांच्या प्रश्नाकडे येते. त्यांचं म्हणणं गाड्यांपुरतं मला पटतं. विजेपासून इंधन करून ते इंजिनात जाळण्यापेक्षा तीच वीज बॅटरीत भरली तर गाडी कितीतरी जास्त अंतर जाते. स्कूटर-कारसाठी कृत्रिम पेट्रोल चालेल असं मला वाटत नाही. पण विमानाचं गणित वेगळं आहे. एक किलो केरोसीनमध्ये सुमारे 12 किलोवॅट-तास ऊर्जा असते, एक किलो लिथियम बॅटरीत साधारण पाव किलोवॅट-तास. मुंबईहून लंडनला बॅटरीवर जाता येणार नाही. म्हणून युरोपीय संघाने कायदाच केला आहे : विमान इंधनात 2025मध्ये 2 टक्के, 2030मध्ये 6 टक्के आणि 2050मध्ये 70 टक्के शाश्वत इंधन, आणि त्यातला काही हिस्सा विजेपासून बनवलेल्या इंधनाचाच हवा. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027मध्ये 1 टक्का आणि 2030मध्ये 5 टक्के असं लक्ष्य ठेवलं आहे. मे 2023मध्ये पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान देशी शाश्वत इंधन मिसळून उडालं, त्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचा हात होता. त्याआधी 2018मध्ये डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने रतनज्योतीच्या तेलापासून बनवलेलं इंधन मिसळून डेहराडून-दिल्ली उड्डाण झालं होतं. या दोन्ही वाटा विजेच्या इंधनाच्या नाहीत, एक अल्कोहोलची आणि एक तेलबियांची. पण दोन्हींच्या पोटात कॅटॅलिस्टच आहे.

तरीही मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. विजेपासूनचं इंधन आज फार महाग आहे आणि सरकारी धोरण बदललं की प्रकल्प लांबतात. म्हणून मुलीने एका इंधनाशी लग्न लावू नये, कॅटॅलिस्ट का मरतो हे कळण्याचं कसब कमवावं. ते कुठेही कामी येतं. थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनवायला लोहाचाच कॅटॅलिस्ट लागतो, आणि या जातीचा कॅटॅलिस्ट नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त चालतो. रिफायनऱ्या, मिथेनॉल, गाड्यांचे धूर-शुद्धक, औषध कंपन्यांतलं हायड्रोजनेशन, सगळीकडे तोच प्रश्न आहे. कॅटॅलिस्ट विकणाऱ्या कंपन्यांत टेक सर्व्हिस नावाचा विभाग असतो. रिॲक्टरमध्ये नवा कॅटॅलिस्ट भरताना हजर राहायचं, स्टार्टअप करून द्यायचा, मग दर महिन्याचे आकडे बघून अजून किती महिने निघतील ते ग्राहकाला सांगायचं. हे काम मला फार मोलाचं वाटतं आणि आपल्या मुलांना ते माहीतच नसतं.

आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी यांच्या गटाने केलेला झिओलाइट (सच्छिद्र खनिजाच्या जातीचा) कॅटॅलिस्ट ऐंशीच्या दशकात बडोद्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात झायलीन या रसायनासाठी चालला. पाषाणच्या प्रयोगशाळेतली पावडर खऱ्या रिॲक्टरमध्ये गेली, ही मोठी गोष्ट होती.

डेटा सायन्सचं म्हणाल तर ते सोडायचं नाही, सोबत घ्यायचं. हजारो तासांचे तापमान-दाब-वायूचे आकडे वाचून ऱ्हासाचं समीकरण बसवायला पायथन यायलाच हवं. मामांना सांगा, भाचीला सुट्टीत ते शिकवा.

त्या आलेखाबद्दल तिने मनात कडवटपणा ठेवू नये. ‘पहिले दहा तास’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर आलेख खोटा नाही, अपुरा आहे. तिने आपल्या अहवालात तिन्ही दिवसांचे आकडे परिशिष्ट म्हणून जोडावेत आणि मार्गदर्शकांना नम्रपणे विचारावं की वापरलेल्या नमुन्याचं एक्स-रे विवर्तन, म्हणजे नमुन्यात कोणते पदार्थ आहेत ते ओळखणारी चाचणी, करून मिळेल का. लोहाचं मॅग्नेटाइट झालं असेल तर त्यात दिसतं. बहुतेक मार्गदर्शकांना असा विद्यार्थी आवडतो.

आता वाट. बी.एस्सी.नंतर आयआयटींची जॅम परीक्षा. फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. त्यातून आयआयटी मुंबईसह बऱ्याच आयआयटींमध्ये एम.एस्सी. आणि आयसर पुण्यासारख्या विज्ञान संस्थांत इंटिग्रेटेड (एम.एस्सी.सकट) पीएच.डी. मिळू शकते. एम.एस्सी.त भौतिक रसायनशास्त्र घ्यावं. केमिकल इंजिनीअरिंगचा रिॲक्शन इंजिनीअरिंग हा विषय रसायनशास्त्राच्या मुलांना सहसा शिकवला जात नाही आणि इथे त्याच्याशिवाय पान हलत नाही. तो एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, आजपासून सुरू करावा. बारावीला गणित असेल तर बी.एस्सी.नंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही सोय आहे. तिला प्रयोगशाळेपेक्षा प्लांट जास्त आवडत असेल तरच तो विचार करा, कारण त्यात तीन वर्षं जातील.

पीएच.डी.ची जागा निवडताना संस्थेच्या नावाला भुलू नका. तिने तिथल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावं की सगळ्यात लांब रन (सलग प्रयोग) किती तासांचा झाला, रात्री रिॲक्टर चालू ठेवता येतो का, सिलिंडर संपले तर किती दिवस थांबावं लागतं, वापरलेला कॅटॅलिस्ट मायक्रोस्कोपखाली कोण बघतं. या चार उत्तरांत प्रयोगशाळा कळते. आयआयटी मुंबईत कार्बन पकडून वापरण्यावरचं राष्ट्रीय केंद्र आहे, आयआयटी मद्रासमध्ये उत्प्रेरण संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आहेच. पुढे परदेशात जायचं झालं तर म्युलहाइम, उत्रेख्त आणि दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन इथे या विषयाची जुनी परंपरा आहे.

पैशांची काळजी तुम्ही लिहिलेली नाही, तरी ती असणार. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि पीएच.डी.ची साधारण पाच धरून चला. या काळात तिच्या आयटीतल्या मैत्रिणी तिच्यापेक्षा बरंच जास्त कमावतील, हे आजच घरात बोलून ठेवा, म्हणजे चौथ्या वर्षी कोणी टोमणा मारला तर ती डगमगणार नाही. फेलोशिप नसलेली पीएच.डी.ची जागा घेऊ नका आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. जेआरएफ पहिल्या फटक्यात नाही आली तर एखाद्या प्रकल्पात प्रोजेक्ट असोसिएट म्हणून वर्षभर काम करावं, परीक्षा पुन्हा द्यावी. एम.एस्सी.नंतर तिला पीएच.डी. नकोशी वाटली तर रिफायनरी आणि कॅटॅलिस्ट कंपन्यांच्या प्रयोगशाळांत त्या पदवीवरही जागा निघतात, तो रस्ताही खुला ठेवा.

जॅमचा निकाल लागला की कळवा. कुठल्या संस्थेत कुठला विषय घ्यायचा ते तेव्हा तिच्याशीच बोलून ठरवू.

तुमची,
करिअर समुपदेशक