देव जेवला, मग भात तेवढाच कसा?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. आमच्याकडे सासूबाई रोज देवाला नैवेद्य दाखवतात. मध्यंतरी त्याने विचारले, "आजी, देव जेवला, मग ताटातला भात तेवढाच कसा?" सासूबाई म्हणाल्या, "देवाबद्दल असे विचारू नये." यजमानांनी तिथल्या तिथे सांगून टाकले, की देव वगैरे काही जेवत नसतो. तेव्हापासून तो संध्याकाळी शुभंकरोतीला बसायची टाळाटाळ करतो. त्याच्या मनात श्रद्धा रुजावी असे मला वाटते, पण तो अंधश्रद्धाळूही होऊ नये. काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या मुलाचा प्रश्न अश्रद्धेचा नाही. देव खरोखरच पानावर बसला आहे असे ज्याला वाटते, त्यालाच ताटातला भात निरखून पाहावासा वाटतो. सासूबाईंचे आणि यजमानांचे उत्तर एकमेकांच्या विरुद्ध असले, तरी दोघांनीही त्याचा प्रश्न मिटवून टाकला. त्यातही 'विचारू नये' हे उत्तर मला अधिक नुकसानीचे वाटते, कारण देवाची आणि प्रश्नाची एका घरात जागा नाही, असे मूल त्यातून शिकते.

खरे तर या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर सासूबाईंपाशीच असेल. वडील घरी नव्हते म्हणून आई गोणाईने लहानग्या नामदेवाच्या हाती विठ्ठलाचा नैवेद्य दिला. देव जेवेना, तेव्हा हे पोर देवळातच हटून बसले, रडले, आणि अखेर विठ्ठलाला जेवावे लागले, ही कथा त्यांना नातवाला सांगू द्या. आपल्याच वयाच्या मुलाने तोच प्रश्न घेऊन देवाशी भांडण केले होते, आणि पुढे त्याला आपण संत नामदेव म्हणून ओळखू लागलो, हे ऐकताना त्याचा चेहरा पाहा. "हे खरेच घडले का?" असे त्याने विचारले, तर घाईने हो किंवा नाही म्हणू नका. "तुला काय वाटते?" असे विचारा, तो काय म्हणतो ते पूर्ण ऐका, आणि मग तुम्हाला जे वाटते तेच प्रामाणिकपणे सांगा. आजीचे मत वेगळे आणि बाबांचे वेगळे, हे मुलाला पेलते. एकाने दुसऱ्याची टर उडवलेली मात्र पेलत नाही.

नैवेद्य दाखवण्याचे कामही अधूनमधून त्याच्याकडे द्या. पाण्याने चौकोन काढून त्यावर ताट ठेवणे, भातावर तुळशीचे पान ठेवणे, ताटाभोवती पाणी फिरवून डोळे मिटणे, एवढे सात वर्षांच्या हातांना सहज जमते. शुभंकरोतीची सक्ती काही दिवस सोडून द्या. दिवेलागणीला टीव्ही बंद करून तुम्ही स्वतः शांतपणे वात सारखी करा, दिवा लावा आणि म्हणायला लागा. मुले आपल्या सांगण्याकडे कमी आणि आपल्या तल्लीनतेकडे अधिक पाहत असतात. तो हळूहळू शेजारी येऊन बसेल, आणि नाहीच आला तरी त्याच्या कानावर ते पडत राहील.

आता यजमानांविषयी. देव मानत नाहीत म्हणून त्यांना यातून बाहेर ठेवू नका, कारण मुलाला विस्मय वाटायला लावण्याचे काम त्यांनाही उत्तम करता येईल. दिवाळीत त्यांनी मुलाबरोबर अंगणात किल्ला करावा. विटा रचून त्यांवर गोणपाट टाकताना आणि चिखल लिंपताना मुलाच्या मनात एक सबंध राज्य उभे राहते. मातीच्या ढिगात तो गुहा कोरतो, बोटभर उंचीच्या मावळ्याला बुरुजावर उभा करतो आणि जमिनीला गाल टेकवून मावळ्याच्या उंचीवरून दरवाज्याकडे पाहतो. त्या वेळी त्याला हाक मारू नका. किल्ल्यावर हळीव पेरायला मात्र दिवाळीच्या चार-पाच दिवस आधीच सांगा, आणि हिरवे कोंब केव्हा वर येतात ते त्या बापलेकांना रोज सकाळी वाकून पाहू द्या.