‘कॉन्शन्स’ला मराठीत काय म्हणावं? सदसद्विवेकबुद्धी, विवेक, अंतरात्मा की मनाची साक्ष

अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: “इथे आरोग्य विम्यात गर्भनिरोधकांचा खर्च धरण्याच्या सरकारी नियमावरून बरीच वर्षं वाद चालू आहे. त्यात ‘रिलिजस कॉन्शन्स’ पावलोपावली येतं. मी ‘धार्मिक सदसद्विवेकबुद्धी’ लिहिलं, तर संपादक म्हणाले, वाचणाऱ्याची बोबडी वळेल, ‘धार्मिक विवेक’ करा. आई म्हणते, ‘अंतरात्मा’ म्हण. कोणाचं ऐकू?”

आधी संपादकांची सूचना बाजूला ठेवू. ‘विवेक’ सुटसुटीत आहे खरा, पण आजच्या मराठीत तो एका बाजूला जाऊन बसला आहे. विवेकवाद, विवेकी विचार, विवेकाचा आवाज हे शब्दप्रयोग महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने रुळवले. त्यामुळे ‘विवेक’ म्हटलं की आपल्याला श्रद्धा तपासून घेणारी बुद्धी आठवते. ‘धार्मिक विवेकापोटी गर्भनिरोधकांना विरोध’ असं छापलं तर निम्म्या वाचकांना तो विनोद वाटेल आणि उरलेल्यांना वाटेल की लेखिकेने निकाल देऊनच टाकला.

आईंचा ‘अंतरात्मा’ मूळचा फार चांगला शब्द. राजकारणाने तो नासवला. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी, आणि इंदिरा गांधींच्या बाजूने हाक गेली की अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत द्या. व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तेव्हापासून आपल्याकडे आमदार रात्रीत पक्ष बदलतात तेव्हाच अंतरात्मा जागा होतो, तोही बहुधा उपरोधाच्या अवतरणचिन्हांत. हिंदीचं ‘अंतःकरण’ही उचलू नका. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या हिंदी पाठात ते आहे, पण मराठीत अंतःकरण भरून येतं, द्रवतं, जड होतं. ते कोर्टात जात नाही.

राहिली ‘सदसद्विवेकबुद्धी’. त्याच अनुच्छेदाच्या मराठी पाठात हाच शब्द आहे, म्हणजे कायद्याचा शिक्का त्याच्यावर आहे. लिहिताना मधला ‘अ’ गिळू नका. सत् आणि असत् मिळून ‘सदसत्’, त्यांचा विवेक तो सदसद्विवेक. ‘सद्सद्विवेक’ असं छापलेलं पुष्कळदा दिसतं. तसं लिहिलं की चांगलं आणि चांगलं यांतून निवड करणारी बुद्धी होते, आणि तेवढी सगळ्यांनाच असते.

पण तुमच्या लेखात हा शब्द जागोजागी वापरायला माझा विरोध आहे, आणि तो लांबीमुळे नाही. विवेक हा ‘विच्’ धातूपासून आला, म्हणजे वेगळं करणं, निवडणं. नीरक्षीरविवेक करणारा राजहंस तो हाच. सदसद्विवेकबुद्धी म्हटलं की डोळ्यांसमोर चाळण येते: दोन गोष्टी पुढ्यात आहेत आणि माणूस निवडतो आहे. अमेरिकेतल्या वादात असं चाळणं कुठे आहे? ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या गरीब वृद्धांची सेवा करणाऱ्या कॅथलिक जोगिणींचं घ्या. कृत्रिम गर्भनिरोधन निषिद्ध, हे त्यांच्या चर्चने १९६८ च्या पोपच्या परिपत्रकात पुन्हा बजावून सांगितलेलं आहे. त्यांची निवड कधीच झाली. सरकारच्या नियमाने त्यांना निवडायला लावलं नाही. आत जे ठरलेलं आहे त्याविरुद्ध काहीतरी करायला लावलं, अशी त्यांची तक्रार होती.

मूळ लॅटिन ‘कॉन्शिएन्शिया’ही चाळणीचा शब्द नाही. कॉन म्हणजे सह, शिएन्शिया म्हणजे जाणणं. आपण केलेलं आपल्याबरोबर जाणणारा आतला कोणीतरी, म्हणजे साक्षीदार. आणि हा साक्षीदार मराठीला परका नाही. तुकोबांची ओळ आठवा:

सत्य असत्यासी मन केले ग्वाही ।
मानियेले नाही बहुमता ॥

‘ग्वाही’ हा फारसीतल्या ‘गवाह’चा आपला अवतार. सत्य काय नि असत्य काय याला मनालाच साक्षीदार केलं, लोक काय म्हणतात ते मानलं नाही. ‘कॉन्शन्स’ची याहून नेमकी व्याख्या मला मराठीत दुसरीकडे सापडलेली नाही, आणि त्यात जड शब्द एकही नाही. टिळकांनीही ‘गीतारहस्या’त पाश्चात्त्यांच्या या कल्पनेची चर्चा करताना तिला ‘मनोदेवता’ म्हटलं आणि मग ती स्वतंत्र देवता वगैरे नाही, बुद्धीचाच तो व्यापार आहे, असं म्हणून खाली उतरवलं. ‘मनोदेवता’ ऐकायला गोड आहे, पण विम्याच्या लेखात ती अवघडून उभी राहील.

आता गंमत अशी की ‘ग्वाही’ही आपण नीट ठेवलेली नाही. आज ग्वाही फक्त मंत्री देतात, आणि ती आश्वासनाची असते. म्हणून माझी शिफारस ‘मनाची साक्ष’. आपल्या शेजारी कानडीत याच अर्थी ‘मनस्साक्षी’ रोजच्या बोलण्यात आहे. तेलुगू, तमिळ, मल्याळमही त्याच कुळातला शब्द वापरतात. आपण मात्र शेजार सोडून पोथीकडे गेलो. (‘मन खातं’, ‘टोचणी लागली’ हेही अस्सल आहेत, पण ते केल्यानंतरचे. कोर्टात जाणारा माणूस करण्याआधीच नाही म्हणत असतो.)

तुमच्या लेखात याहून महत्त्वाचा शब्द वेगळाच आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. ‘कॉम्प्लिसिटी’, म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याला आपलाही हात लागणं. सगळा वाद त्यावर आहे. २०१० च्या आरोग्य विमा कायद्याखाली सरकारने २०११ मध्ये ठरवलं की नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात गर्भनिरोधकांचा खर्च बाईच्या खिशातून काही न घेता धरला पाहिजे. ऑगस्ट २०१२ पासून हे लागू होऊ लागलं. चर्चना यातून पूर्ण सूट होती. धार्मिक संस्थांच्या रुग्णालयांना, महाविद्यालयांना आणि या जोगिणींसारख्यांना वेगळी वाट दिली: आमचा आक्षेप आहे असं कळवा, मग तुमचा पैसा न लागता विमा कंपनी किंवा योजना चालवणारी कंपनी परस्पर सोय करील. जोगिणी म्हणाल्या, तो कागद आम्ही दिल्यावरच ती सोय सुरू होते, म्हणजे आमचा हात लागलाच.

याला ‘सहभाग’ म्हणू नका, सहभाग स्नेहसंमेलनातही असतो. ‘संगनमत’ म्हणजे तर कटच. मराठीत याला नेमका शब्द वाल्या कोळ्याच्या गोष्टीत आहे: पापाचा वाटेकरी. वाल्याने बायकामुलांना विचारलं, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? ते म्हणाले, नाही. खाल्लं त्यांनीही होतं, पण वाटा नाकारला. जोगिणींचं नेमकं उलट: त्यांनी काही खाल्लं नव्हतं, तरी वाटा आपल्याकडे येतो असं त्यांचं म्हणणं. ‘वाटेकरी’ लिहिलंत की हा वाद सातवीतल्या मुलालाही समजेल, आणि तो वाटा खरंच येतो की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

‘हॉबी लॉबी’चा खटला यात घ्यालच. हस्तकलेच्या वस्तूंच्या दुकानांची ही साखळी एका ख्रिस्ती कुटुंबाच्या मालकीची. मान्यताप्राप्त वीस पद्धतींपैकी त्यांचा आक्षेप फक्त चारांवर होता: दोन तातडीच्या गोळ्या आणि दोन प्रकारच्या तांब्या. (‘अंतर्गर्भाशयी साधन’ लिहू नका, बायका तांबीच म्हणतात.) नियम मोडला तर वर्षाला सुमारे ४७.५ कोटी डॉलर दंड बसला असता. ३० जून २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याचा आधार १९९३ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, आणि त्यातले कळीचे शब्द आहेत ‘धर्माचरण’ आणि त्यावर पडणारा ‘मोठा बोजा’. म्हणजे या निकालाबद्दल लिहिताना ‘कॉन्शन्स’ पेरत सुटू नका. तो वकिलांच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडी जास्त आहे.

कंपनीला मन असतं का, हा प्रश्नही तिथे निघाला. विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्झबर्ग यांनी त्याच न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे २०१० चे शब्द दिले आहेत: कंपन्यांना ना कॉन्शन्स, ना श्रद्धा, ना भावना. इथे मात्र ‘मन’च लिहा. ‘कंपनीला सदसद्विवेकबुद्धी नसते’ हे वाक्य कंपनीला शिवी दिल्यासारखं वाटतं, ‘कंपनीला मन नसतं’ हे साधं विधान वाटतं. बहुमताचं म्हणणं होतं की कंपनीचे हक्क राखणं म्हणजे तिच्यामागच्या माणसांचे राखणं. भारतीय वाचकाला हे फार चमत्कारिक वाटायचं कारण नाही, आपल्याकडे देवाची मूर्ती कायद्याने व्यक्ती असते आणि खटलाही लढते.

चार साधनांवरच आक्षेप का, हे सांगताना शब्द जपून वापरा. मालकांच्या मते बीज फळलं तिथे जीव सुरू झाला. फलित बीज गर्भाशयात रुजू न देणारं साधन त्यांच्या लेखी गर्भपात करणारं. वैद्यकशास्त्र सहसा गर्भधारणा रुजण्यापासून मोजतं. मराठीचा जुना शब्दप्रयोग योगायोगाने दुसऱ्या बाजूचा आहे: आपल्याकडे गर्भ ‘राहतो’, ‘दिवस राहतात’. राहण्याआधी काय होतं त्याला बोलीत नाव नाही. म्हणून ‘गर्भ राहू नये म्हणून’ असं लिहिलंत तर नकळत एक बाजू घेतली जाईल. तिथे ‘फळणं’ आणि ‘रुजणं’ ही दोन क्रियापदं वेगळी ठेवा. जाता जाता, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘प्लॅन बी’ या तातडीच्या गोळीच्या माहितीपत्रकातून रुजण्याला अडथळा होण्याचा उल्लेख काढला. निकाल त्याच्या आठ वर्षं आधीचा आहे.

किरकोळ दोन गोष्टी. ‘मँडेट’चं ‘जनादेश’ करू नका, तो निवडणुकीत मिळतो. इथे ‘सक्तीची तरतूद’. ‘अकोमोडेशन’ (जोगिणींना दिलेली ती वेगळी वाट) यंत्राला भाषांतर करायला दिलंत तर ‘निवासव्यवस्था’ येईल आणि जोगिणी धर्मशाळेसाठी कोर्टात गेल्या असं वाटेल. ‘पर्यायी सोय’ म्हणा. ‘एक्झेम्प्शन’ला ‘सूट’ ठीक, फक्त विम्याच्या लेखात हप्त्यातली सूट वाटणार नाही अशी वाक्यरचना करा.

शेवटचा पेच खराखुरा आहे. २०१८ च्या अंतिम नियमांत सरकारने दोन वेगवेगळ्या सवलती दिल्या, एक धार्मिक श्रद्धेसाठी, दुसरी नैतिक धारणेसाठी, म्हणजे देव न मानणाऱ्यालाही. ८ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने, सरकारला अशा सवलती देण्याचा अधिकार आहे, असा निकाल ७ विरुद्ध २ मतांनी दिला. मराठीत ‘धर्म’ दोन्हीकडे पाय पसरून बसतो: शेजारधर्माला देऊळ लागत नाही. त्यामुळे ‘धर्मबुद्धी’ हा देखणा शब्द इथे चालणार नाही, त्यात दोन्ही सवलती एक होतील. ‘श्रद्धेला पटत नाही म्हणून’ आणि ‘नीतीला पटत नाही म्हणून’ असं फोडून लिहा.

आणि तुमच्या लेखाच्या मथळ्यातला ‘सरकारी आरोग्य विमा’ आधी बदला. विमा नोकरीतून मिळणारा, खासगीच आहे. सरकारी आहे तो नियम.